खिडकीतला डोंगर

कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्या बाईंना सगळे कवळीताई म्हणत. चेष्टेत पडलेलं नाव इतकं चिकटलं की दवाखान्यांतली माणसं फोनवरही तेच घेऊ लागली.

मोठ्या शहरातला पसारा आवरून इथे यायचा हट्ट ताईंचाच. हे शहर ना फार मोठं, ना अगदी लहान. कामावर पायी जाता येतं, बाजारात दोन-चार माणसं नावानं ओळखतात, मधोमध तळं आहे आणि शहर संपतं तिथे डोंगर सुरू होतो. घर बघायला आल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसला आणि ताईंनी बाकीच्या खोल्या नीट पाहिल्याच नाहीत. "न्हाणीघरातला नळ गळतोय," नवरा म्हणाला. "गळू दे," ताई म्हणाल्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. नळ दुरुस्त झाला, पण ताई एकदाही डोंगरावर गेल्या नाहीत. आठवडाभर दुसऱ्यांचे दात घासायचे, मेणात बसवायचे, चकचकीत करायचे. आणि शनिवार उजाडला की पाहुणे! कधी मावसभाऊ आणि त्याचे मित्र, कधी नवऱ्याचे जुने सहकारी आणि महिन्यातून एकदा तरी नणंद, नंदावा आणि भाचे. सगळे सकाळी डोंगरावर पळायचे आणि दुपारी लालबुंद तोंडानं परत यायचे. चिखलाचे बूट दारात, ओले टॉवेल खुर्च्यांवर. जेवता जेवता म्हणायचे, "काय नशीब काढलंत हो! रोज जात असाल ना?" ताई दातओठ खात वाढत राहायच्या.

यंदा वाढदिवसाला त्यांनी स्वतःसाठी चालायचे बूट घेतले. शुक्रवारी संध्याकाळी घालून बघत होत्या, तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, उद्या येतोय हं आम्ही. पाचजण आहोत."

"या," ताई म्हणाल्या. "हे असतील घरी. मी नसेन."

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "अगं, असं बरं दिसतं का?"

"तुम्ही आहात ना घरी? वाढा."

सकाळी ताई निघाल्या. सुरुवातीला पोरानं हुंदडावं तशा चालल्या. झाडांतून वाट, गार वारा, खाली तळं ताटलीएवढं. जणू कुणी त्यांच्यासाठीच मांडून ठेवलं होतं! अर्ध्यावर टाच सोलवटायला लागली. कोरे बूट, दुसरं काय. पुढच्या वळणावर मोजा रक्तानं भिजला. माथा समोर दिसत होता आणि पाय उचलत नव्हता. एक म्हातारं जोडपं हसत पुढे निघून गेलं. ताई दगडावर बसल्या आणि चक्क रडल्या. मग बूट हातात घेऊन लंगडत खाली आल्या.

घरी रणांगण. ओट्यावर करपलेलं भांडं, नवरा घामाघूम, नणंद तोंड फुगवून बसलेली. ताईंना पाहताच तिनं सुरू केलं, "माहेरी म्हणून यायचं आणि करपलेलं खायचं! एवढा जाच होत होता तर सांगायचंत, वहिनी. आम्हाला काय हौस आहे? दादाच दर आठवड्याला फोन करतो. या, या, हवा बघा, डोंगर बघा!"

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो करपलेलं भांडं सोडून एक स्वच्छ ताट घासायला लागला होता.

पाहुणे चहा न घेताच गेले. ताई गरम पाण्यात पाय सोडून बसल्या. "मला वाटायचं लोक आपणहून येतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलावता होय?"

"मग काय करू?" नवरा एकदम भडकला. "तुला डोंगर हवा होता, मिळाला. मला काय मिळालं? तिकडे जुन्या घरी संध्याकाळी खाली उतरलो की चारजण भेटायचे. इथे सगळे भले आहेत, नमस्कार करतात आणि सायकलवर बसून निघून जातात! कुणाशी बोलू मी, तळ्याशी?"

ताईंना त्याचा राग आला आणि दयाही. त्यातलं काय आधी गिळावं तेच कळेना. "मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू खिडकीत उभी होतीस. तुझा चेहरा बघून बोलवेना."

दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी ताईंनी नणंदेला फोन करून माफी मागितली, पण महिन्यातून दोन शनिवार घरी पाहुणे नकोत हेही ठणकावून सांगितलं. नणंद अजून फटकून आहे. त्या रिकाम्या शनिवारांपैकी पहिल्या दिवशी ताईंनी नवऱ्याला डोंगरावर सोबत नेलं. पहिल्याच बाकावर तो बसला आणि उठायचं नाव घेईना. "तू जा," तो म्हणाला, "मी आहे इथे."

एकटीनंच जायचं होतं तर भांडण कशासाठी केलं, असं पुटपुटत ताई पुढे निघाल्या. चार पावलांवर मागे वळून पाहिलं. तो बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला विचारत होता, "तुम्ही इथलेच का?" त्या माणसानं कानातला इअरफोन काढला, हसून मान हलवली आणि तो पुन्हा कानात घातला.