चार ते साडेपाच

नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये काढून आम्ही नाशिकला परत आलो, तेव्हा मुंबई विमानतळापासून घरापर्यंत गाडीत मी एकटीच बोलत होते. कसारा घाट चढून गाडी वर आली आणि मला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. इगतपुरी आलं की "इगतपुरी आलं", घोटी आलं की "घोटी आलं". जणू बाकीच्यांना पाट्या वाचता येत नव्हत्या. मी काच खाली केली आणि म्हणाले, "घ्या, आपली हवा घ्या!"

"एसी चालू आहे," नवरा म्हणाला.

"आई, हवा सगळीकडे सारखीच असते," साडेसात वर्षांची मुलगी म्हणाली. साडेतीन वर्षांचा मुलगा तोंड उघडं टाकून झोपला होता.

मी घरी चालले होते, पण माझी मुलं परदेशी चालली होती, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरली नाही. दोघांचा जन्म तिकडचा. त्यांना नाशिक माहीत होतं ते दोन सुट्ट्यांपुरतं आणि फोनच्या पडद्यापुरतं.

निघताना मुलगी तिकडच्या घराच्या जिन्यावर बसून राहिली होती. बूट घालायला तयार नव्हती. "मला तिथं नाही आवडलं तर?" तिनं विचारलं. खाली टॅक्सी उभी होती, मी आनंदानं नुसती उकळत होते, आणि त्या भरात बोलून गेले, "नाताळपर्यंत राहून बघू. नाही आवडलं तर परत येऊ. तूच ठरव." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि बूट घातले.

ती शुद्ध थाप होती. घर विकून झालं होतं, नवऱ्यानं तिकडची नोकरी सोडून सिन्नरच्या एमआयडीसीतली धरली होती. परतीचे दोर आम्ही आमच्याच हातानं कापले होते. पण आईच्या थापेला कुणी थाप म्हणत नाही, समजूत घालणं म्हणतात. मीही तसंच म्हटलं आणि विसरून गेले. ती विसरली नाही. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "नाताळला किती दिवस आहेत?" आणि मग ते जवळजवळ रोजचंच झालं.

आम्ही घर घेतलं ते मी लहानाची मोठी झाले त्याच कॉलनीत, विहाराच्या मैदानासमोर, पहिल्या मजल्यावर. पहिल्या सकाळी सात वाजता खालच्या मजल्यावरच्या काकू दार ढकलून थेट स्वयंपाकघरात आल्या. मूळच्या येवल्याच्या, आवाज असा की मैदानापलीकडे ऐकू जावा.

"जय भीम, पोरी! चहा टाकला का? नाय ना? टाकू नको, म्या आणलाय."

मला रडू यायचं बाकी होतं. नऊ वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात न सांगता कुणी आलं नव्हतं. तिकडे शेजारणीबरोबर चहा प्यायचा तर दोघींनी डायऱ्या काढायच्या आणि तीन आठवड्यांनंतरची एक सकाळ शोधायची. चांगल्या होत्या त्या बायका, अडीअडचणीला धावून आल्या, पण सकाळी सातला दार ढकलणारी एक नव्हती.

मुलगी नाइटड्रेसमध्ये दारात येऊन उभी राहिली. "या कुणाला विचारून आल्या?" तिनं स्पष्ट मराठीत विचारलं. मी तिचा दंड दाबला.

काकू खो खो हसल्या. "अगं माझे आई, इचारून पाहुणे येतात. शेजारी नाय!"

पुढचे पंधरा दिवस मी जमिनीवर नव्हतेच. भाजीवाल्याशी घासाघीस करायला मिळते म्हणून मी दिवसातून दोनदा भाजी आणायची. रिक्षात बसलं की रिक्षावाल्याच्या बहिणीच्या लग्नापर्यंत माझी चौकशी जायची. नवरा म्हणायचा, "नव्याचे नऊ दिवस." मी म्हणायचे, मग मला नऊ दिवस तरी भोगू दे. मुलगा तर आठवड्यात कॉलनीचा झाला. सकाळी एका घरी खायचा, दुपारी दुसऱ्या घरी झोपायचा, आणि "लय भारी" म्हटल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होईना. जेवायच्या वेळी त्याला शोधायला मला चार जिने चढउतार करावे लागत.

मुलगी गॅलरीत उभी राहायची. खाली मैदानात पोरं खेळत. कुणीतरी वर बघून ओरडायचं, "ए, खाली ये!" ती आत यायची.

"जा की," मी म्हणायचे.

"माझ्याशी कुणी ठरवलेलं नाही," ती म्हणायची.

तिकडे खेळायचं तेही ठरवून. कुठल्या दिवशी, कुणाच्या घरी, किती ते किती. साडेपाच वाजले की सगळ्यांच्या घरी जेवणाची ताटं, खेळ बंद. मला ही पद्धत कायम कोरडी वाटत आली होती. तिला तसं वाटत नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तिच्या लेखी ती दुपार तुमच्यासाठी, फक्त तुमच्यासाठी, कुणीतरी राखून ठेवलेली असते. "ए, खाली ये" हे तर कुणालाही ओरडता येतं.

तीन आठवडे असे गेल्यावर एका शनिवारी ती जमिनीवर पालथी पडून कामाला लागली. जाड कागदाच्या आठ चिठ्ठ्या कापल्या. देवनागरी मी तिला शिकवली होती, पण जोडाक्षरं अडत होती, ती मला विचारून घेतली. प्रत्येक चिठ्ठीवर एका मुलाचं किंवा मुलीचं नाव, खाली: "माझ्याकडे खेळायला येशील का? वेळ चार ते साडेपाच." त्याखाली "हो" आणि "नाही" असे दोन चौकोन, आणि कडेला फुलं. प्रत्येकाचा दिवस वेगळा. कुणाला बुधवार, कुणाला गुरुवार, असं पुढच्या बुधवारपर्यंत. संध्याकाळी केस विंचरून ती एकटीच दारोदार जाऊन चिठ्ठ्या देऊन आली. मी गॅलरीतून बघत होते आणि ऊर भरून येत होता. शाब्बास, म्हटलं, रुळली पोरगी!

बुधवारी चार वाजता बेल वाजली. दार उघडलं तर आठच्या आठ पोरं. मुली झगमगीत फ्रॉकमध्ये, मुलांचे केस तेल लावून चापून बसवलेले, प्रत्येकाच्या हातात चमकी कागदात बांधलेली वस्तू. मागे पाच आया, त्यातल्या दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून.

"हॅपी बर्थडे!" पोरं एका सुरात ओरडली.

झालं होतं ते असं. आमच्या कॉलनीत लहान मुलाच्या हातची, फुलं काढलेली, वेळ लिहिलेली चिठ्ठी म्हणजे वाढदिवस. दुसरा अर्थच नाही. खेळायला बोलवायला चिठ्ठी कोण पाठवतं? बायकांनी चिठ्ठ्या ताडून पाहिल्या, तर वार निराळे. मग त्यांनी खाली नळाजवळ उभ्या राहून निकाल लावला, की पोरगी परदेशातली, वार लिहिताना गोंधळली, बिचारी. वाढदिवस काही आठ दिवस चालत नाही, तेव्हा सगळ्यात आधीचा वार धरू. बुधवार.

घरात होता अर्धा पुडा बिस्किटं. मी खाली धावले. काकूंनी एका दमात कढईत रवा टाकला. "घाबरू नको, शिऱ्याला मेणबत्ती लावू. केकपेक्षा चांगली उभी राहते!" मला हसू आवरेना. असं काही त्या नऊ वर्षांत एकदाही घडलं नव्हतं आणि मला ते सगळंच्या सगळं हवं होतं.

वर आले तर माझी लेक दारात कमरेवर हात ठेवून उभी. "माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो," ती सांगत होती. "आज फक्त हिला बोलावलं आहे. बाकीच्यांनी भेटी परत न्या आणि आपापल्या वारी या." कुणालाही वाईट न वाटता कळावं अशा शांत आवाजात. पोरं आयांकडे बघत होती, आया माझ्याकडे. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"आता आलोच हाय तर खाऊन जाऊ," काकू कढई घेऊन आत शिरल्या, आणि त्यांच्यामागून सगळे. पोरांनी शिरा खाल्ला, घर डोक्यावर घेतलं, बायका पाच मिनिटांत माझ्या मैत्रिणी झाल्या. माझी मुलगी तेवढी आतल्या खोलीत दार लावून बसली.

सगळे गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "इतकी माणसं हौसेनं आली आणि तू त्यांना परत जा म्हणतेस? जरा माणसांत राहायला शीक!"

तिचे डोळे रडून लाल झाले होते. "मी चिठ्ठीत सगळं लिहिलं होतं," ती म्हणाली. "कुणी वाचलंच नाही." मग नाक पुसून तिनं विचारलं, "नाताळला किती आठवडे आहेत?"

तोवर मी धरून चालले होते, की नाताळ येईपर्यंत तिला सगळं आवडलेलं असेल आणि माझी थाप आपोआप मिटून जाईल. त्या संध्याकाळी प्रथम वाटलं, ही नाही म्हणणार. आणि नाही म्हणाली तर माझ्याकडे द्यायला काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बरोबर चार वाजता बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी एकटीच उभी होती. ही कालही आली होती, सगळ्यात मागे उभी होती, एक शब्द बोलली नव्हती. आज साधा घरचा फ्रॉक, हातात चिठ्ठी. "हो"च्या चौकोनात पेन्सिलीनं बरोबरची खूण. तिचा वार गुरुवारच होता.

दोघी खोलीत गेल्या. मी दाराला कान लावला. काहीच ऐकू येईना. दीड तास नुसता कागदांचा आवाज आणि एकदाच कुणीतरी हसलेलं. साडेपाचला ती उठली, चपला घातल्या आणि गेली.

"ती चांगली आहे," माझी लेक म्हणाली. "बोलायचं नसलं की बोलत नाही."

शुक्रवारी शुक्रवारवाला आला. शनिवारी शनिवारवाली. आणि मग कॉलनीला त्या चिठ्ठ्यांचं वेडच लागलं. ऑगस्टपर्यंत पोरं एकमेकांना वहीची पानं फाडून बोलावणी पाठवायला लागली. "मंगळवारी क्रिकेट. बॅट आण." "चारला ये, पण माझ्या भावाला सांगू नको." एकदा माझा मुलगाच काकूंची चिठ्ठी घेऊन आला: "खापरावरचे मांडे केलेत. आत्ता ये." माझी लेक ती वाचून गोंधळली. "यात वेळ लिहिली नाही." मी म्हटलं, लिहिली आहे की, आत्ता. ती क्षणभर थांबली आणि अनवाणीच जिना उतरून गेली.

दिवाळीनंतर ती चिठ्ठीशिवायही खाली जायला लागली. तिच्या त्या गुरुवारच्या मैत्रिणीबरोबर मैदानाच्या कडेला तासन्‌तास बसायची. शाळेच्या व्हॅनमध्ये मधली जागा धरून भांडायची. मला आनंद व्हायला हवा होता, होतही होता. फक्त डिसेंबर जवळ येत होता, आणि ती अजून दिवस विचारत होती. छत्तीस. वीस. अकरा.

थंडी पडली. निफाडचा पारा किती खाली गेला याची सकाळी उठल्यापासून चर्चा. सगळी कॉलनी कानटोप्या घालून शेकोटीला, आणि माझी दोन्ही पोरं अर्ध्या बाह्यांत. काकू दिसेल तिथं त्यांना धरून कानटोपी चढवायच्या. मी मात्र घरात चांदणीचा आकाशकंदील लावत होते, केक भाजत होते, तिकडची दालचिनीची बिस्किटंही जमवली. लाच होती ती, दुसरं काय. लेक माझी धावपळ नुसती बघत होती.

नाताळच्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून स्टुलावर बसली.

"आज नाताळ," ती म्हणाली.

मी हातातला चमचा खाली ठेवला. काय काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, पुढच्या वर्षी बघू, बाबांना विचारू. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडेना. तिच्यासमोर खाली बसले आणि सांगून टाकलं. "आपल्याला परत जाता येणार नाही. घर विकलं आहे. मी तेव्हा तुला खोटं सांगितलं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी घर घेणाऱ्या लोकांना जादाच्या किल्ल्या दिल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. त्या लोकांच्या मुलीला मी माझी खोली दाखवली."

म्हणजे जिन्यावर बूट घालताना तिला ठाऊक होतं. जमिनीवर पालथी पडून आठ चिठ्ठ्या लिहिताना ठाऊक होतं. इथंच राहायचं आहे, तर रुळायलाही आपणच हवं, हे कळलेलं आमच्या घरातलं पहिलं माणूस ती होती, आणि म्हणूनच ती दारोदार गेली होती.

"मग रोज दिवस का विचारायचीस?" मी विचारलं.

"तू कधी सांगतेस ते बघत होते."

मी तिची माफी मागितली, मोठ्या माणसाची मागतात तशी. तिनं ती दिलीही, पण लगेच नाही. आधी थोडा विचार केला.