‘उतरा’ म्हणणारं माणूस

"नऊ सह्या पाह्यजेत मॅडम. लवकर करा, गाडी चालूच ठेवली हाय."

विश्वनाथभाऊंनी नऊ फॉर्म माझ्या टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. अमरनाथ यात्रेला जायचं तर आरोग्याचा दाखला लागतो. तो द्यायला ठराविक डॉक्टर नेमलेले असतात, आणि त्या वर्षी आमच्या मोताळ्याच्या सरकारी दवाखान्यातून माझं नाव यादीत होतं. बाजाराचा दिवस, ओपीडी तुडुंब. फॉर्म नऊ होते आणि माणसं तीन.

"बाकीचे सहा कुठे आहेत?"

"वावरात हायेत. सगळे धडधाकट हायेत, मी सांगतो ना."

"मग दाखला तुम्हीच देऊन टाका. माह्यी सही काऊन पाह्यजे?"

मी ओपीडीत शुद्ध मराठीत सुरुवात करते आणि चिडले की बोलीवर येते. सुलतानपूरची आहे मी, लोणार तालुक्यातली. शहरातल्या कॉलेजात सहा वर्षं काढूनही हा दोष गेला नाही.

विश्वनाथभाऊ धामणगाव बढेचे. वय चौसष्ट, अंगाने काटक, आवाज भारी. अमरनाथ दोनदा करून आलेले. त्यामुळे गावातून जो कोणी निघायचा तो त्यांच्या मागे, आणि त्यांच्या शब्दापुढे कोणी जायचं नाही. फॉर्म गोळा करता करता ते म्हणाले, "तुमच्यात यात्रा नसते मॅडम, म्हणून तुम्हाले हे मोठं काम वाटून राह्यलं."

मी बौद्ध घरातली. अमरनाथला मी जाणार नाही, हे खरंच होतं. मी म्हटलं, "भाऊ, देव तुमचा. पण फुप्फुस माझं-तुमचं सारखंच आहे. नऊच्या नऊ माणसं आणा."

दोन दिवसांनी नऊ जण आले, घुश्शातच. मी आधी त्यांना वरची हवा समजावून सांगितली. लोकांना वाटतं, उंचावर ऑक्सिजन संपलेला असतो. संपलेला नसतो, हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. "विहिरीत पाणी आहे," मी म्हटलं, "पण व्होल्टेज कमी आहे. मोटर घरघर करते अन् पाणी उचलत नाही. तसं होतं." हे ऐकल्यावर मात्र सगळ्यांच्या माना हलल्या. कमी व्होल्टेज आमच्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही.

मग तपासण्या. बीपी, शुगर, ईसीजी. शेवटी प्रत्येकाला सहा मिनिटं व्हरांड्यात चालवलं. माणूस किती अंतर कापतो आणि चालून झाल्यावर रक्तातला ऑक्सिजन किती घसरतो, ते बोटाला चिमटा लावून कळतं. आठ जण पास झाले. नवव्या शांताबाई, विश्वनाथभाऊंच्या धाकट्या भावाची बायको, वय बावन्न. बीपी एकशे अडुसष्ट-एकशे दोन.

"लहान्याच्या बायकोले राहू द्या," विश्वनाथभाऊ म्हणाले. "आमच्या आठ सह्या करा."

शांताबाई डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. विश्वनाथभाऊ बाहेर गेल्यावर मात्र त्या टेबलाशी आल्या.

"मॅडम, आमच्या घरचे सगळे जाऊन आले. कोणी चारधाम, कोणी काशी. माह्ये मालक बी अमरनाथ करून आले. दर टायमाले म्हशी मीच पाह्यल्या. यंदा मालकाले म्हटलं, म्हशी तुम्ही पाहा, मी चालली. हो म्हणले ते. आता तुम्ही नाही म्हणून राह्यल्या."

"नाही म्हणत नाहीये. आठ आठवडे आहेत. मी सांगेन तसं करा, मग बघू."

"करतो," त्या म्हणाल्या. लग्नात मुलगी होकार देते त्याच्यापेक्षा जोरात.

मी बाकीच्या आठ जणांच्या सह्याही रोखल्या. सही होईल ती नऊ जणांची एकदम, तयारी झाल्यावर. विश्वनाथभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

शांताबाईंना गोळी सुरू केली. लोणचं, पापड, वरून घ्यायचं मीठ बंद. चालण्याचा विषय निघाला तर त्या हसल्याच. "दिवसभर वावरातच असतो आम्ही. चालाचं काय शिकवता?" मी म्हटलं, वावर सपाट असतं आणि निंदताना माणूस बसत-उठत काम करतो. सलग दोन तास चढ चढणं वेगळं. आमच्याकडे चढ कुठून आणायचा? तर राजूरचा घाट होता. मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना लागतो तो. दर रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशी जमायचं असं ठरलं.

पहिल्या रविवारी मीही गेले. सगळे सुटले ते बैल सुटल्यासारखे, विश्वनाथभाऊ सगळ्यांत पुढे. दुसऱ्या वळणावर निम्मे लोक गुडघ्यावर हात ठेवून उभे. मी मागून सावकाश आले आणि नियम सांगितला: चढताना तोंडाने भजन म्हणता आलं पाहिजे. भजन तुटलं की वेग जास्त झाला, पाऊल आवरायचं. याला कुठलंही यंत्र लागत नाही. पुढच्या रविवारपासून घाटात भजन सुरू झालं. एसटीवाले हॉर्न वाजवून हात करायचे.

चौथ्या आठवड्यात वजनं घेतली तर नऊपैकी सात जणांची वाढलेली. शांताबाईंचं बीपी पुन्हा वर. मी काटा बदलून पाहिला. काटा ठीक होता. शेवटी मंदाताईंनी सांगितलं. त्या अंगणवाडीत सेविका, गटातल्या सगळ्यांत बोलक्या. "मॅडम, यात्रेले जाणाऱ्याले गाव जेवाले बोलावते. सकाळी एकाच्या घरी, संध्याकाळी दुसऱ्याच्या. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. वरून आमरस. यात्रेकरूनं ताट नाकारलं तं घरधन्याले वाईट वाटते."

आता हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं? मी गावात गेले, मंदाताईंच्या अंगणवाडीत बायका जमवल्या आणि हात जोडून सांगितलं, जेवायला घालून यात्रेकरूंना मारू नका. द्यायचंच तर वर उपयोगी पडेल असं द्या: फुटाणे, गूळ, सुंठ, राजगिऱ्याचे लाडू. बायकांना पटलं, जरा जास्तच पटलं. आठवड्याभरात विश्वनाथभाऊंच्या ओसरीवर फुटाण्यांची पोती लागली.

उंचीवरचे आजार मी तीन ओळींत शिकवले. डोकं दुखलं की थांबा आणि सांगा. उलटी झाली की वर जाऊ नका. चाल लडखडली की लगेच उतरा, दर्शन हातभर राहिलं असलं तरी. या तिसऱ्या प्रकारात मेंदूला सूज येते. तेव्हा माणसाला स्वतःला वाटतं आपण ठणठणीत आहोत, म्हणून त्याला ते दुसऱ्याने सांगावं लागतं. त्यासाठी रोज सकाळी एकमेकांची परीक्षा घ्यायची: एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत दहा पावलं. पुरुष हसले, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची परीक्षा आहे म्हणाले. मी म्हटलं, तीच आहे.

परीक्षेसाठी मी तीन जोड्या लावल्या आणि उरलेल्या तिघांचा एक गट केला. त्या गटात विश्वनाथभाऊ, शांताबाई आणि मंदाताई. एकाच घरचे दोघं, सोयीचं पडेल. मी नावं वाचली तेव्हा कोणीतरी खाकरलं. मी लक्ष दिलं नाही.

पुढच्या रविवारी घाटात सराव चालला होता. विश्वनाथभाऊ रेषेवरून चालत होते. शांताबाई हातभर अंतरावर उभ्या राहून मंदाताईंना म्हणाल्या, "त्याइले सांगा, टाच टेकत नाही." मंदाताईंनी सांगितलं, "भाऊ, टाच टेका." विश्वनाथभाऊ मंदाताईंना म्हणाले, "तिले सांगा, टेकवली."

मला आधी हसू आलं. मग कळलं. विश्वनाथभाऊ शांताबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. भासऱ्याशी धाकट्या भावाच्या बायकोने तोंड उघडून बोलायचं नाही ही जुनी चाल. आमच्या घरी ती आईच्या पिढीतच मोडली होती, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही. एका घरात, एका चुलीवर राहून तीस वर्षांत ही दोघं एकमेकांशी एक वाक्य थेट बोलली नव्हती. आणि मी एकमेकांचा जीव एकमेकांच्या हातात दिला होता.

"गट बदलते मी," मी म्हटलं.

"राहू द्या," शांताबाई म्हणाल्या. "मंदाताई हायेत ना मधात."

मी राहू दिलं. ही माझी चूक. मी नऊ जणांचं हृदय तपासलं, रक्त तपासलं आणि हे समोर दिसत असून सोडून दिलं.

आठव्या आठवड्यात शांताबाईंचं बीपी एकशे चौतीस-चौऱ्यांशी आलं. घाट एकदाही न थांबता, भजन न तोडता चढल्या. नऊ सह्या केल्या त्या दिवशी मी फार खूश होते.

पुढचं मला मंदाताई आणि शांताबाईंनी सांगितलं. पहलगामच्या वाटेने गेले ते. शेषनागच्या मुक्कामापर्यंत सगळं बरं होतं. सकाळी विश्वनाथभाऊ तंबूतून उशिरा बाहेर आले. एकदा उलटी झालेली, डोकं आदल्या संध्याकाळपासून दुखत होतं आणि कोणाला न सांगता त्यांनी जवळची गोळी घेतली होती. मंदाताई म्हणाल्या, "भाऊ, दहा पावलं."

"ते राहू द्या आता. घोडा सांगितला हाय मी."

शांताबाई मंदाताईंना म्हणाल्या, "त्याइले सांगा, आधी चालून दाखवा." मंदाताईंनी सांगितलं. विश्वनाथभाऊ चिडले, पण चालले. चौथ्या पावलाला तिरपे गेले आणि तंबूची दोरी धरली.

"दगडावर पाय घसरला," ते म्हणाले.

मंदाताई म्हणाल्या, थांबलेलं बरं. दोघा पुरुषांनीही सौम्य शब्दांत तेच सांगून पाहिलं. "दोनदा आलो मी इथं," विश्वनाथभाऊ म्हणाले. "डोकं तं सगळ्यायचंच दुखते." आणि घोड्यावर बसले. त्यांच्या वरचढ बोलणार कोण? घोडेवाल्याने घोड्याचं तोंड वरच्या वाटेकडे वळवलं.

शांताबाई पुढे गेल्या आणि त्यांनी लगाम धरला.

"भाऊजी, उतरा."

मंदाताई सांगतात, त्या क्षणी विश्वनाथभाऊंना राग आला नाही, त्यांना कळलंच नाही की हे कोण बोललं. मग ते ओरडले, "सोड तो लगाम!"

"नाही सोडत. चाल लडखडली तं उतराचं. मॅडमनं सांगितलं, तुम्ही बी हो म्हटलं होतं. तुम्हाले काही झालं तं घरी काय तोंड दाखवू मी?" आणि घोडेवाल्याला म्हणाल्या, "भैय्या, ऊपर नई. नीचे लेना."

तिथल्या वैद्यकीय तंबूत डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन सुरू केला, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता खाली न्या. पुढच्या खिंडीत माणूस हाती लागला नसता. घोडा खाली निघाला, आणि शांताबाई त्याच्या बाजूने पायी. बाकीच्या सात जणांना त्यांनीच वर पाठवलं. पायथ्याच्या चंदनवाडीला पोचेस्तोवर विश्वनाथभाऊ नीट बोलायला लागले होते. सात जणांचं दर्शन झालं. या दोघांचं राहिलं.

परत आल्यावर शांताबाई बीपी दाखवायला आल्या. मी विचारलं, वाईट वाटलं?

"वाटलं ना. खोटं काऊन बोलू? सारी वाट रडत उतरली मी."

मी खुर्चीतून उठले आणि ओपीडीतल्या सगळ्यांदेखत तिला मिठी मारली. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या पेशंटचा मला इतका अभिमान वाटला नव्हता. लाइनीतल्या लोकांना वाटलं, हिची सोनोग्राफी चांगली आली असेल. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. पुढचा महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होते.

दाखल्याच्या फॉर्मात सगळ्याला रकाना आहे. दमा, फिट, हृदय, आधीचं ऑपरेशन. मी आता सही करण्याआधी तोंडी एक प्रश्न विचारते, तो छापलेला नाही: तुमच्यासोबत येणाऱ्यांत तुम्हाला ‘उतरा’ म्हणणारं कोण आहे? मोठमोठ्या माणसांना उत्तर येत नाही. मग मी सांगते, असं माणूस घेऊन या, नाहीतर सही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विश्वनाथभाऊ आले. गाडी बंद करून आले होते, आणि या वेळी जितके फॉर्म तितकी माणसं. त्यांनाही मी तोच प्रश्न विचारला. शांताबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. भाऊ मान वळवून भिंतीकडे बघत, पण थेट तिलाच म्हणाले, "सांग ना वं मॅडमले."

शांताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी हाय," त्या म्हणाल्या.

मी आधी त्यांच्या फॉर्मवर सही केली, मग भाऊंच्या.