व्हाउचर लुटणारे मामा

संकटकाळातला सरकारी पैसा कसा खर्च करावा हे या भूतलावर दोघांनाच कळतं. एक सिंगापूरचं सरकार आणि दुसरे माझे मामेसासरे. त्यातही सरकारच्या बाबतीत मामा थोडे साशंक असतात. बायकोचे हे मामा सेम्बावांगच्या गोदीत उभा जन्म जहाजं दुरुस्त करून निवृत्त झाले, इथले नागरिक झाले आणि मामी गेल्यावर टॅम्पिनीसमध्ये आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायला आले. महामारीत सरकारनं घरोघरी मदतीची व्हाउचरं दिली, तेव्हा त्यांना दुसरी नोकरीच लागल्यासारखं झालं. आम्ही नोकरीच्या पासवर राहणारी माणसं, आम्हाला ती मिळत नाहीत. मामांना मिळतात. फोनवर लिंक येते, दुकानदार त्याच्या फोननं ती स्कॅन करतो, संपलं. बाकीचे लोक त्यात तांदूळ-तेल घेऊन मोकळे होतात. मामांनी मात्र त्याचं शास्त्र केलं.

"जावईबापू, हे पैसे आपले नाहीतच," ते मला समजावत. "ते दुकानदाराचे. सरकारनं आपल्याला फक्त पोस्टमन नेमलंय." त्यामुळे जिथे गिऱ्हाईक नाही तिथेच ते खर्च करायचे, हे ओघानं आलं. सिंगापूरमध्ये माणूस आधी रांगेत उभा राहतो आणि मग ती कशाची आहे ते विचारतो. मामा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, शिरले की रांग नसलेलं दुकान शोधत. आता, रांग नसण्याला बहुतेक वेळा सबळ कारण असतं, आणि ते कारण मामा डब्यात भरून आमच्या घरी आणून देत. एकदा आणलेल्या तांदळाच्या शेवया अशा काही चिकटल्या होत्या की बायकोनं सुरीनं त्यांच्या वड्या पाडल्या. खालच्या मजल्यावरचं सलून रिकामं दिसलं म्हणून मामा एका महिन्यात तीनदा केस कापून आले. डोक्यावर मुळात केस होते अकरा. शेवटच्या वेळी न्हाव्यानंच हात जोडले म्हणे.

पण त्यांचा खरा पराक्रम रहिवाशांच्या बैठकीतला. चहा-बिस्किटं होती, व्हाउचरांवर चर्चा चालली होती, आणि मामा उठून म्हणाले, "द गव्हर्नमेंट हॅज लूटेड धिस मनी व्हेरी नाइसली. नाऊ वुई मस्ट ऑल्सो लूट." एका गृहस्थांचं बिस्किट चहात विरघळून गेलं. मामांच्या मनात संक्रांत होती. आपल्याकडे वाण लुटतात, दसऱ्याला सोनं लुटतात, आणि त्या लुटण्यात काढून घेणं नसतं, दोन्ही हातांनी देणं असतं. पण हे तिथे कोणाला ठाऊक? माझ्या पासचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. मी घाईघाईनं उठलो आणि समोरच्या चिनी, मलय, तमिळ मंडळींना पंधरा मिनिटं हळदीकुंकू समजावून सांगितलं. पुढच्या बैठकीला एका मलय काकूंनी मामांच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला आणि हसून म्हणाल्या, "अंकल, लूट, लूट."

हे लुटणं एका ठिकाणी मात्र अडलं. हॉकर सेंटरच्या कोपऱ्यात सत्तरी उलटलेली एक चिनी आंटी शेंगदाण्याचं सारण घातलेले पॅनकेक करायची. आपल्या जाड घावनात दाण्याचं गोड कूट भरावं, तसे. तिला फोनचं अजिबात कळत नव्हतं. "कॅश कॅन. धिस वन कॅनॉट," असं म्हणून ती व्हाउचरवाल्यांना परत पाठवायची, आणि तेव्हा तर सगळेच व्हाउचरवाले. हे असंच चाललं तर गाळा परत करणार, असं तिनं एक दिवस मामांना सांगितलं. मामांना ते फार लागलं. मदत वाटली गेली आणि जिला गरज तिच्यापर्यंत पोचलीच नाही, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

मग शिकवणी सुरू झाली. तिला होक्कियन ही चिनी बोली आणि चार शब्द इंग्रजी यायचं, मामांना मराठी आणि गोदीतलं इंग्रजी. मामांनी पुठ्ठ्यावर बाण काढून आकृती केली आणि तव्यामागे टांगली. आंटीनं आधी टेबल स्कॅन केलं, मग स्वतःचा एप्रन, एकदा मामांचं कपाळ. तिसऱ्या आठवड्यात फोन टिंग वाजला आणि दोघांनी टाळ्या पिटल्या. हळूहळू गिऱ्हाईक परतलं, गाळा टिकला. मामा रोज सकाळी पहिले हजर. अडचण एवढीच की त्यांना गोड म्हणून घशाखाली उतरत नाही. ते पॅनकेक घेत आणि आमच्याकडे पोचवत. "आजोबा, अगेन पीनट? एनफ लाह!" माझी लेक ओरडायची. तिचं वजन हा आमच्या घरात महामारीचा एकमेव दूरगामी परिणाम आहे.

गेल्या वर्षी आंटीनं दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या सकाळी मी मामांबरोबर गेलो होतो. मामा तिच्यावर चक्क चिडले. "हाऊ कॅन यू क्लोज? मशीन ओके, कस्टमर ओके!"

"मशीन ओके, अंकल," ती गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. "नी नॉट ओके."

तिनं शेवटचा पॅनकेक बशीत घालून मामांपुढे ठेवला. मामांनी फोन काढला तर तो तिनं हातानं बाजूला सारला. "अंकल, यू डोन्ट लाइक स्वीट. आय नो लाँग टाइम. एव्हरी डे यू बाय, नेव्हर ईट."

मामा स्टुलावर बसले आणि पॅनकेक खायला लागले. सावकाश, सगळा. आंटी हाताची घडी घालून बघत उभी होती. मला त्या दोघांकडे बघवेना, म्हणून मी उगाच पाणी आणायला गेलो.

परत आल्यावर मामांनी लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडल्यावर म्हणाले, "चांगला होता हो, जावईबापू. आधीच खायला हवा होता."