बिमुर्झाचा वाटा

पाहुणा अंगावरचा बर्फ झटकून आत आला, की मकवाला आधी त्याला चहा द्यायची आणि मग कायदा सांगायची. चहा नको म्हटलं तर चालायचं, कायद्याला नाही म्हणायची सोय नव्हती. ही माझी थोरली जाऊ. तिला इंग्रजीचा गंध नव्हता आणि मी आमच्या स्वानेतीतल्या या डोंगरी गावात जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्यामुळे तिच्या घरी परदेशी पाहुणा उतरला, की भिंतीपलीकडून मला हाक यायची. "लामझिरा! ये गं, एक आलाय. सांग त्याला."

मग मी सांगायची. गांजा ओढणं हा आता गुन्हा नाही, राजधानीतल्या, तिबिलिसीच्या न्यायालयानं तसा निकाल दिलाय. पण विकणं गुन्हा, विकत घेणं गुन्हा, परसात एखादं रोप लावणंसुद्धा गुन्हा. आणि सीमेपलीकडून आणणं तर सगळ्यांत वाईट, त्यात ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात जातात. पाहुणे हसायचे. "मग ओढायला आणायचा कुठून?" हा प्रश्न जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटायचं. मी तो मकवालाला सांगितला की ती म्हणायची, "त्याला म्हणावं, ते न्यायाधीशाला विचार. माझ्याकडे फक्त चहा मिळतो."

निकाल लागला त्या उन्हाळ्यात दुकानापाशी बसणारे आमचे बाप्येही नाचले. सुटलं, सुटलं! मकवाला दळण घेऊन तिथून चालली होती. ती म्हणाली, "काही सुटलेलं नाही. दार उघडलंय, पण पायऱ्या काढून नेल्यात. पडा आता एकेक जण." तिच्यापुढे या विषयावर बोलायची कुणाची टाप नव्हती, कारण तिच्या घरानं त्याची किंमत मोजली होती.

आमच्या लहानपणी भांग प्रत्येकाच्या शेताच्या कडेला असायची. तिच्या वाखाचे दोर वळायचे आणि बिया कुटून, चीजमध्ये कालवून, भाकरीत भरून भाजायच्या. त्या भाकरीला आम्ही क्नाश म्हणतो. पुढे पोलीस यायला लागले, झाडं उपटायला लागले, आणि सगळ्यांनी निमूट पेरणं सोडलं. बिमुर्झा सोडून. माझा हा थोरला दीर, मकवालाचा नवरा, सरळ गोष्टसुद्धा वाकडी करून करणारा माणूस. त्यानं गोठ्यामागे पेरली. पोलीस आले तेव्हा तो हातात विळा घेऊन तिथेच उभा होता. त्यांनी विचारलं, कुणी लावली? बिमुर्झाच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा त्याचा एकुलता एक मुलगा गेगी, मिसरूड नुकतं काळं झालेला, पुढे होऊन म्हणाला, "मी."

आणि बापानं ते होऊ दिलं. हे मी कधीही विसरणार नाही.

गेगी चार वर्षं आत होता. झुग्दीदीच्या कोर्टात मकवाला प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर बसायची. कायदा ती तिथे शिकली. गेगी सुटून आला, त्यानं जुनी जीप घेतली, पाहुण्यांची ने-आण करायला लागला. बापाशी बोलायचा, पण गाय, लाकडं आणि बर्फ यांच्यापलीकडे नाही. मग बिमुर्झा आजारी पडला. शेवटी शेवटी त्याला काहीच गिळेना, आणि तरी एक दिवस म्हणाला, "मकवाला, एकदा क्नाश करून घाल." ती म्हणाली, "बी कुठून आणू? आणि पेरलं, तर तुरुंगात धाडायला माझ्याजवळ दुसरा मुलगा नाही." बिमुर्झानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच वसंतात तो गेला. निकाल त्यानंतर लागला.

पुढच्या जानेवारीत लिपानाली आली. त्या दिवसांत आमचे मेलेले घरी येतात आणि काही दिवस राहतात. घर झाडून पुसून ठेवायचं, सुऱ्या लपवायच्या, दारातून पाणी फेकायचं नाही, उगाच कुणाच्या अंगावर पडायचं. जेवण चुलीवरून थेट टेबलावर आणायचं, कारण त्यांना वाफ लागते. त्यांचं झालं, की निवलेलं आपण खायचं. आणि त्यांना नाखूश ठेवायचं नाही. आमच्याकडे राहतात त्या दिवसांत ते एकत्र बसून ठरवतात, की पुढच्या लिपानालीपर्यंत आपल्यात कुणाला न्यायचं. बिमुर्झाचं हे पहिलंच येणं होतं, आणि तो उपाशी गेलेला होता. मकवाला आठवडाभर नीट झोपली नाही.

आदल्या दिवशी गेगीनं कुताइसीच्या विमानतळावरून एक पाहुणा आणला. फ्लोरिस नावाचा, हॉलंडचा सुतार, ताडमाड उंच, दारातून वाकून आत आला. मी नेहमीचा पाठ म्हणून दाखवला. हा हसला नाही, प्रश्नही विचारला नाही. चहात जाम घालून ढवळत राहिला. मला वाटलं, प्रवासानं दमलाय.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मकवाला मेणबत्ती घेऊन फाटकापर्यंत गेली आणि आपल्या माणसांना नावानं बोलावून आली. आत चुलीजवळ गावातली म्हातारी फाती बसली होती. फातीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चहाचा पेला हातात द्यावा लागतो, पण त्या दिवसांत कोण आलं नि कुठे बसलं हे गावाला तीच सांगते. टेबलावर मांसाच्या भाकऱ्या, बटाटा-चीज, कढत सूप. यजमानाच्या जागी बिमुर्झाची रिकामी खुर्ची. गेगी तेवढा नव्हता. बाप येणार त्या टेबलाशी बसायचं नाही, म्हणून तो बाहेर जीपभोवतालचा बर्फ उपसत होता. फावड्याचा आवाज आत ऐकू येत होता.

"तुमच्या सासूबाई आल्या," फाती म्हणाली. "लामझिरा, तुझा नवरा आला. कोपऱ्यात बसला."

"बसणारच. जिवंतपणी तरी दुसरं काय केलं!" मी म्हणाले. मला त्याची भीती कधीच वाटली नाही.

"आणि बिमुर्झा?" मकवालानं विचारलं.

फातीनं खिडकीकडे मान वळवली. "फाटकाशी उभा आहे. आत येत नाही."

"का? काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही गं. पोराकडे बघतोय."

बाहेर फावडं चालूच होतं. मकवालानं टेबलाची कड धरली. तिच्या मनात काय आलं ते मला विचारावं लागलं नाही. तुरुंगात एकदा नेला होता, आता कायमचा न्यायला आला.

फ्लोरिस बिचारा टेबलाच्या टोकाला हात मांडीवर ठेवून बसला होता. त्यानं हळूच विचारलं, काय झालं? गप्प बसायचं सोडून मी त्याला सगळं सांगितलं. बिमुर्झाचं, तुरुंगाचं, न मिळालेल्या क्नाशचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, उठला, वर गेला आणि खाली येऊन पत्र्याची एक छोटी डबी मकवालापुढे ठेवली. लाजत म्हणाला, "बी नाही. पण झाड तेच. त्यांना चालत असेल तर."

झाकण न उघडताही वास आला.

"हे कुठलं?" मकवालानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"घरून आणलंय म्हणतो. मोज्यात घालून."

"विमानातून? सीमेवरून? आणि तिथून इथवर गेगीच्या जीपमधून?"

मी विचारलं. तो हो म्हणाला.

"लामझिरा, ह्याला विचार, काल मी घसा कोरडा करत होते तेव्हा हा काय करत होता?"

"जाम खात होता. मी बघितलंय."

फ्लोरिसचे कान लाल झाले. म्हणाला, आमच्याकडे चालतं, तुमच्याकडेही चालतं असं वाचलं होतं, म्हणून वाटलं काही बिघडत नाही. काल तुम्ही बोललात तेव्हा कळलं, मग सांगायची हिंमत होईना. मी हे मकवालाला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे चालतं, माझ्याकडे चालतं. मधे सीमा असते, बाळा, तिथे चालत नाही. तू पकडला गेलास, तर तुझी गाडी चालवणारा आधी आत जाईल. त्याच्या नावावर पहिलाच एक गुन्हा आहे."

एवढं बोलून तिनं डबी उचलली, चुलीचं झाकण सरकवलं आणि सगळं आत उपडं केलं. डबीसुद्धा टाकली.

तेवढ्यात धुराड्यातून वारा उलटा आला. चुलीच्या फटीफटीतून धूर बाहेर पडला आणि घरभर पसरला. हिरवट, गोडसर, बिमुर्झाच्या जुन्या कोटाला यायचा तो वास. म्हातारा कुत्रा टेबलाखालून उठला आणि दाराशी जाऊन शेपटी हलवायला लागला. दार बंद होतं. कुत्र्यानं आधी वर पाहिलं आणि मग कुणाच्या तरी मागोमाग चालावं तसा तो खुर्चीपर्यंत आला आणि तिच्या पायाशी बसला.

"आला," फाती म्हणाली.

सुपाची वाफ आतापर्यंत सरळ वर जात होती. ती खुर्चीकडे वाकली. नंतर एकदम थांबली. मी समोरच्या वाडग्याला बोट लावलं. चुलीवरून आणून फार वेळ झाला नव्हता, आणि वाडगा विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. फ्लोरिसनंही आपल्या वाडग्याला हात लावला आणि भाजल्यासारखा मागे घेतला.

मकवाला मात्र घाबरली नाही. ती खुर्चीसमोर डोक्याचा रुमाल सावरून बसली, नवऱ्याला जाब विचारायला बसावं तशी.

"मिळाला ना तुझा वाटा? घे पोटभर. जिवंतपणी दिला नाही, मनाला लागून राहिलं होतं. आता माझं ऐक. बाहेर बर्फ उपसतोय ना, त्याच्याकडे बघायचं नाही. तुझी चार वर्षं त्यानं भोगली, आणि तू विळा धरून बघत राहिलास. तुझ्या तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही, तर आता तुम्हा मेलेल्यांच्या पंचायतीतही त्याचं नाव काढायचं नाही. एकट्याला करमत नसेल, तर मी आहे."

"जाऊबाई!" मी तिच्या दंडाला चिमटा काढला. "असं बोलू नये आजच्या दिवशी!"

"आजच बोलायचं असतं."

फ्लोरिसनं विचारलं, त्या काय म्हणाल्या? जन्मात पहिल्यांदा मी भाषांतर केलं नाही.

मग फातीनं रिकामा पेला पुढे केला. "त्यानं मान हलवली."

"होय म्हणून की नाही म्हणून?" मी विचारलं.

"होय म्हणून. ओत की थोडी अराक, घसा सुकला."

मकवालानं तिला दारू ओतून दिली. मकवालाला आनंद झाला होता, मी सांगते तुम्हाला. मुलगा तुरुंगातून आला त्या दिवशीचा आनंद तिच्या तोंडावर होता.

काही दिवसांनी मेलेल्यांना निरोप द्यायची सकाळ आली. मकवाला त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेली. मी फातीला धरून दारात उभी होते. फाती पुटपुटत होती, "तुझ्या सासूबाई गेल्या. तुझा नवरा गेला. बिमुर्झा गेला. मकवाला गेली."

"अगं म्हातारे, ती परत येतेय. ती बघ, फाटक लावतेय."

"मी गेलेली सांगते," फाती म्हणाली. "आलेली कोण, ते तू बघ बाई."

मकवाला आत आली, रुमालावरचा बर्फ झटकला आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला. त्याच दिवशी गेगी फ्लोरिसला घेऊन खाली निघाला. वाटेत पोलिसांनी जीप अडवली, पिशव्या रस्त्यावर ओतल्या, मोजा न् मोजा उलटा करून बघितला. काही नव्हतंच तर मिळणार काय! संध्याकाळी परत येऊन गेगीनं हे रंगवून सांगितलं आणि कितीतरी वर्षांनी मोठ्यानं हसला. मी "देवा रे" म्हणाले. मकवालानं नुसतं "हं" केलं, शेजारच्या गावची बातमी ऐकावी तसं.

त्यानंतर ती जेवली नाही. रोज ताट वाढून घ्यायची, त्यावर वाकून बसायची आणि निवलं की सरकवून द्यायची. "झालं माझं." मी रागावले, रडले, चमचा तोंडाशी नेला. ती माझ्याकडे मायेनं बघायची, पण लांबून बघितल्यासारखं. गेगीनं तिला शहरात नेलं. डॉक्टर म्हणाले, तपासण्यांत काही नाही, वय झालं. पाहुण्यांना ती अजूनही कायदा सांगायची, एक शब्द न चुकता. फक्त तिच्याजवळ बसलेले पाहुणे चहाच्या पेल्याभोवती हात शेकत बसायचे, भर उन्हाळ्यातही.

गवत कापणीच्या दिवसांत ती बसल्याजागी गेली. तिला उचलायला मी हात लावला, तर हलकी, पोकळ टोपलीसारखी.

मातीहून परतल्यावर गेगी माझ्या पायरीवर येऊन बसला. रडून रडून डोळे सुजले होते. "काकू, लिपानालीच्या दिवशी मी खिडकीतून बघितलं होतं. आई बाबांच्या खुर्चीशी बोलत होती. काय म्हणाली गं?"

"रागावत होती. दुसरं काय."

"कशाबद्दल?"

"जुन्या गोष्टी रे. नवरा-बायकोच्या."

तो हातातली काडी मोडत राहिला. मग म्हणाला, "बाबांनी आईचं आयुष्यात कधी ऐकलं नाही."

"ह्या वेळी ऐकलं," मी म्हणाले.