अकोल्याच्या कचेरीत बानं दिलेली साक्ष

माझा मोठा भाऊ गवंडी होता. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. वाशीमला धान्याच्या एका मोठ्या गोदामाचं काम निघालं आणि आमच्या मेडशीकडची दहा-बारा माणसं तिथं लागली. एका दुपारी जेवण करून भाऊ परांचीवर चढला. बांबूंना बांधलेला दोर तुटला आणि तो खाली रचलेल्या दगडांवर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन गावातल्या बालवाडीत शिकवत होते. माय आधीच गेलेली. घरात बा, मी, वैनी आणि तिच्या दोन पोरी. वाचता येणारी मी एकटीच.

तिसऱ्या दिवशी बुद्धवंदना आटोपून माणसं उठत होती, तेवढ्यात ठेकेदाराची जीप दारात येऊन थांबली. ज्वारीची दोन पोती उतरली. ठेकेदार खाटेवर टेकला, बाशी हळू आवाजात बोलला आणि खिशातून एक कागद काढला. म्हणाला, "घरच्यांचे अंगठे पाहिजेत. तुमच्याच भल्याचं आहे."

मी कागद मागून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मयत दारूच्या नशेत, मुकादमाने मनाई केली असताना, स्वतःच्या मर्जीने वर चढला. ठेकेदाराचा काही दोष नाही. वारसांना मदत पोचली, त्यांची काही तक्रार नाही. खाली पंचनाम्याचा हवाला होता. म्हणजे पोलिसांच्या कागदातही तेच लिहून झालं होतं.

वैनी भिंतीला टेकून बसली होती. ती उठली.

"कोन पेला होता? माहा नवरा?"

ठेकेदार बाकडे पाहत राहिला.

"त्यानं जन्मात थेंब घेतला नाई. सांगा ना मामाजी, तुमी सांगा."

बाने डावा हात पुढे केला. ठेकेदाराबरोबर आलेल्या मुकादमाने शाई लावली. वैनीने मात्र दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि ती आत निघून गेली. पुढच्या आठवड्यात बा त्याच गोदामावर चौकीदार म्हणून लागला.

मला त्याचा राग आला होता, पण तो मी गिळला. म्हातारा माणूस, पोरगा गेला, घाबरला असेल, असं स्वतःला समजावलं. वैनीने तसं स्वतःला समजावलं नाही. महिनाभराने ती मला म्हणाली, "बाई, तुमाले वाचता येते. मले वाशीमले घेऊन चला. तो पेला नव्हता असं कोनाकडून तरी लिवून पायजे."

वाशीमच्या कोर्टापुढे झाडाखाली अर्जनवीस बसायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्याने आमचं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "बानं अंगठा देला त देऊ द्या. मेलेल्या मजुराची भरपाई अशी घरी येऊन वाटता येत नाही. अकोल्याच्या कामगार कचेरीतल्या साहेबाकडं भरा लागते. हा कागद तिथं चालत नाही. पन दोन वर्षांच्या आत अर्ज पायजे, अन् कामावर होता म्हनून सांगनारं मानूस पायजे."

असं काही करता येतं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पोलिसांनी नाही, दवाखान्यात नाही, सरपंचानेही नाही.

माणूस शोधायला आम्ही दारोदार फिरलो. भावाबरोबर परांचीवर चढणारे चौघे आमच्याच वस्तीतले. लहानपणापासून एकत्र वाढलेले, त्याला खांदा देणारे. एकजण म्हणाला, "ताई, मले काम सोडून जमत नाई." दुसऱ्याने बायकोकरवी घरात नाही म्हणून सांगितलं, त्याच्या चपला दारातच होत्या. तिसरा म्हणाला, "तुह्या बापानंच लिवून देलं, आता आमी काय सांगाव?" चौथा रडला, आणि आला नाही.

आली ती एक बाई. गोदामावर गाऱ्याची घमेली वाहायची. आमच्या नात्यातली नाही, जातीतलीही नाही. केनवडकडची होती, नवऱ्याने टाकलेली. म्हणाली, "म्या पायलं ते सांगीन. मले कोनाचं भेव हाय?"

अर्ज लागला, तारखा पडू लागल्या. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. मेडशीहून एस.टी.ने जायचं, कचेरीच्या व्हरांड्यात बसायचं आणि ठेकेदाराच्या वकिलाला वेळ नाही म्हणून परत यायचं. वैनी धाकटीला कडेवर घेऊन यायची. एकदा तर साहेबच बदलून गेले आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

साक्षीच्या दिवशी त्या बाईने सरळ सांगितलं. दोर कुजला होता. भावाने सकाळीच मुकादमाला दाखवला होता. मुकादम म्हणाला होता, आजचा दिवस काढ. दुपारी भाऊ तिच्याजवळच बसून भाकर जेवला आणि वर गेला.

वकील हसून म्हणाला, "तो प्यायलेला नव्हता हे तुला काय माहीत?"

"माह्या नवऱ्याच्या तोंडाचा वास बारा वर्स घेतला साहेब. मले कळते."

मग वकिलाने आपला साक्षीदार बोलावला. दारातून बा आत आला. ठेकेदाराने दिलेला खाकी कोट त्याच्या अंगावर होता. आम्ही एकाच घरातून निघालो होतो. तो पहाटेच्या गाडीने पुढे आला होता आणि मला वाटलं होतं कामावर गेला.

वकिलाने विचारलं, "तुमचा मुलगा दारू प्यायचा?"

बा जमिनीकडे पाहत म्हणाला, "घेये. कवाकवा घेये."

वैनीने माझा दंड धरला. तिची नखं रुतलेली मला घरी पोचल्यावर कळली.

साहेबांनी बाला विचारलं, "तुम्ही सध्या काय काम करता?"

"चौकीदार हाव. ह्या ठेकेदाराच्याच गोदामावर."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. तो ऐकताना मला आधी काही कळलंच नाही. साहेबांनी सांगितलं की माणूस कामावर असताना मेला असेल तर तो प्यायला होता की नव्हता हे कायदा पाहतच नाही. जखमी झाला असता तर ती गोष्ट निघाली असती. मेल्यावर भरपाई द्यावीच लागते. त्यामुळे त्या मुद्द्यात शिरायची गरज नाही.

म्हणजे ठेकेदाराने ते खोटं खरं ठरवलं असतं तरी त्याला भरावं लागलंच असतं. आणि बाने पोराच्या नावावर जी दारू ओतली, तिचा कुणालाच काही उपयोग झाला नाही.

वैनी पुढे झाली. "साहेब, मंग तो पेला नव्हता असं लिवा ना."

"बाई, तुमचा अर्ज मंजूर झाला आहे."

"ते झालं. पन ते लिवा."

"पंचनामा पोलिसांचा असतो. तो मला बदलता येत नाही." साहेब वाईट नव्हते. त्यांनी पोरींच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावाने ठेवायची व्यवस्था केली आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

पोलीस ठाण्यात आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा जमादार सुटीवर होता. दुसऱ्यांदा म्हणाला, "पैसे भेटले ना? आता कायले कागद उकरून राह्यल्या?"

वैनी पोरींना घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. साक्ष देणाऱ्या बाईला वाशीमच्या एकाही ठेकेदाराने पुन्हा घमेलं दिलं नाही. ती पुढे कुठे गेली ते मला शोधूनही कळलं नाही. गोदाम पूर्ण झालं त्या महिन्यात बाची चौकीदारी गेली. कोट काढून घेतला.

मी बाला एकदाच विचारलं. तो अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता.

"काहून सांगितलं तसं?"

"ठेकेदारानं मले सांगितलं होतं, तू बोल, मी दोघी पोरीयच्या लग्नाचं पाहीन."

"अन् तुमी आयकलं?"

"तवा खरं वाटलं."

एवढं बोलून तो पुन्हा शेंगा सोलू लागला. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. मी त्याला रोज भाकर वाढली, आजारपणात उचलून बसवलं, पण त्याच्यासमोर बसून कधी जेवले नाही. तो गेला तेव्हा वैनीला निरोप धाडला होता. ती आली नाही. मोठ्या पोरीला पाठवलं. पोरीने आजाला फूल वाहिलं, चहासुद्धा घेतला नाही, आणि दुपारच्या गाडीने परत गेली.