यादीत नसलेले मासे

मी आयुष्यभर माशांवर संशोधन केलं आणि आजवर एकही मासा खाल्लेला नाही. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो. आमचं घर लिंगायत, उदगीरकडचं. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. मला खरं तर वनस्पतिशास्त्र घ्यायचं होतं, पण नांदेडला एम.एस्सी.ला गेलो तेव्हा त्या विषयाच्या जागा भरलेल्या होत्या आणि प्राणिशास्त्राची एक शिल्लक होती. ती घेतली. पुढे गाईड मिळाले ते माशांचे. आईला मी बरीच वर्षं 'पाण्यावर अभ्यास करतोय' एवढंच सांगत होतो, आणि ते काही खोटं नव्हतं.

अहमदपूरच्या कॉलेजात नोकरी लागल्यावर स्टाफरूममध्ये माझं नाव 'शाकाहारी मासेवाला' पडलं. मी ते उलट मिरवायचो. म्हणायचो, मासा बघून माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही, म्हणून माझी मोजदाद निर्मळ असते. हे वाक्य विद्यार्थ्यांना मी इतक्यांदा ऐकवलं की माझ्या पाठीमागे ती पोरं माझ्याच आवाजात त्याची नक्कल करायची. मला ते माहीत होतं. एकदा दाराआड उभं राहून ऐकलंही. नक्कल चांगली होती.

गावापासून एसटीनं अर्ध्या तासावर एक तलाव आहे. माझं सगळं संशोधन त्या एका तलावावर झालं. परदेशातल्या परिषदांना जाणारे माझे मित्र मला विचारायचे, अरे, किती दिवस त्या डबक्यात बसणार? मी चिडायचो. एक तलाव नीट कळायला एक आयुष्य पुरत नाही, असं माझं मत होतं आणि आजही आहे. दर मंगळवारी पहिल्या गाडीनं जायचो. दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलवर दिसते ते बघायचं, बाटल्यांत पाणी भरायचं, आणि मासेमारी करणारे थर्माकोलच्या तराफ्यांवरून काठाला आले की त्यांनी ओतलेल्या ढिगातले मासे ओळखून वहीत लिहायचे. रोहू, कटला, मरळ, वाम, चिलापी. माझं स्वतःचं बारीक विणीचं जाळं होतं, पण तलावाच्या तळाला वेड्या बाभळीची खुंटं आहेत. दोनदा जाळं फाटलं. तिसऱ्यांदा मीच वैतागून ते कॉलेजच्या माळ्यावर फेकलं आणि ठरवलं की या लोकांपेक्षा चांगली मासेमारी मला जमणार नाही, तेव्हा त्यांचाच ढीग मोजावा. दुपारच्या एसटीनं परत.

ढिगापाशी वजनकाटा घेऊन बसायच्या त्या मावशी. भोई समाजातल्या, तलावाच्या काठालाच घर. वयानं माझ्याहून फार मोठ्या नसतील, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना मावशीच म्हणत आलो. तोंडानं फटकळ. माझी तबकडी पाण्यात बुडाली की विचारायच्या, "काय करून राहिले सर? पाण्याचा ताप बघून राहिले का?" वजन झालं की मला घरी नेऊन ओसरीवर बसवायच्या आणि चहा द्यायच्या. त्या घरात मी शेकडो कप चहा प्यायलो असेन. जेवायला मात्र कधी थांबलो नाही. त्यांनीही कधी आग्रह केला नाही, आणि मला तो त्यांचा समजूतदारपणा वाटायचा.

बऱ्याच वर्षांच्या वह्या साठल्यावर मी एक पेपर लिहिला. त्याचं सार असं होतं की, चिलापी हा बाहेरचा मासा शिरल्यापासून या तलावातल्या बारक्या देशी जाती नाहीशा झाल्या. करंगळीएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, वाळूत लपणारे, उथळ पाण्यात चमकणारे सहा-सात प्रकार. जुन्या नोंदींत होते, माझ्या वहीत एकदाही आले नाहीत. तो पेपर लिहिताना मला वाईट वाटलं होतं. एखाद्या कुटुंबाचं दार कायमचं बंद झाल्याचं कळवावं तसं ते लिहिणं होतं. पण पेपर गाजला. आमच्या छोट्याशा विषयात जितकं गाजता येतं तितका गाजला. इतरांनी त्याचे दाखले दिले. मी सुखावलो.

मावशींची सून हिमायतनगरकडची, लग्नाआधीच एम.एस्सी. झालेली. मावशी स्वतः तिला घेऊन कॉलेजात आल्या. काटा सोडून त्या कधी कुठे जात नसत, म्हणून मी चकितच झालो. खुर्चीत न बसता म्हणाल्या, "सर, हिला पुढं शिकायचं हाय. घरात कुणी न्हाई म्हणत न्हाई. आता तुमी न्हाई म्हणू नका." मी कशाला नाही म्हणतोय? पीएच.डी.साठी तिचा विषय ठरला: त्याच तलावातले मासे, नव्यानं. मुलगी हुशार, कामाला वाघ आणि बोलायला अगदी कमी. मी ओरडलो तरी मान खाली घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी काम बिनचूक करून आणायची. अशा विद्यार्थ्यावर ओरडण्यातही काही मजा राहत नाही.

तिचा प्रबंध तयार झाला तेव्हा माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते आणि तिच्या नोंदणीची मुदत महिनाभरात संपत होती. एकदा मुदतवाढ घेऊन झालेली, आता पुन्हा मिळणार नव्हती. तोवर प्रबंध सादर झाला नाही तर घर, सासर, शेणगोठा सांभाळून केलेली सगळी वर्षं वाया. मी प्रबंध वाचला. तिची माशांची यादी माझ्या यादीशी तंतोतंत जुळत होती. मला फार बरं वाटलं. रात्री जेवताना बायकोला सांगितलं, "बघ, माझं काम किती पक्कं होतं." ती म्हणाली, "हातातली भाकरी थंड होतीय."

मग एक दिवस प्रयोगशाळेत फॉर्मलीनचा कॅन शोधत होतो. कपाटाच्या तळाशी, मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या दहा-बारा बाटल्या सापडल्या. वरची चिठ्ठी तिच्या अक्षरात. तारीख, आणि 'ठिकाण'च्या पुढे लिहिलेलं: 'घर, मासे साफ करण्याआधी'. बाटली उजेडात धरली. आत करंगळीएवढा, पट्ट्यांचा मासा. दुसरी धरली, तिसरी धरली. माझ्या पेपरातले नाहीसे झालेले सगळे मासे त्या कपाटात ओळीनं बसले होते.

मी तिला बोलावून घेतलं आणि शेजारच्या वर्गात ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "हे कुठून आणलेस? गोदावरीतले आहेत ना?"

"न्हाई सर. आपल्याच तलावातले हायत."

"मग प्रबंधात कुठं आहेत?"

तिनं माझ्या हातातली बाटली घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "सर, तुमच्या पेपरात ते संपले म्हणून लिहिलंय. मी कसं लिहू?"

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही, हे इथे कबूल करतो. मी तसाच रागारागात एसटी पकडली; तीही त्याच गाडीनं मागच्या बाकावर बसून घरी आली. मंगळवार नव्हता आणि वेळही संध्याकाळची होती, त्यामुळे मला दारात बघून मावशींची धांदल उडाली. चुलीवर पातेलं रटरटत होतं. त्यांनी घाईनं त्यावर झाकण टाकलं आणि पातेलं उचलून मागल्या दारी न्यायला निघाल्या.

"मावशी, थांबा. त्यात काय आहे?"

"तुमच्या कामाचं न्हाई सर. तुम्हाला चालत न्हाई ते."

"मला बघायचंय."

"आवो, वास येईल तुम्हाला."

मी पुढे होऊन स्वतःच झाकण काढलं. लालभडक कालवण, आणि त्यात डोक्या-शेपटासकट बारके मासे. मी पळीनं एक वर काढला. तिखटात माखलेला होता, पण तोंडापाशी मिशा होत्या आणि अंगावरचे पट्टे अजून दिसत होते. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शिजवलेला मासा ओळखायची पद्धत दिलेली नाही, तरी मी ओळखला. मग दुसरा काढला. मावशी कपाळाला हात लावून बघत होत्या.

सगळं त्या ओसरीवर उलगडलं. दुपारी ढीग काट्यावरून गेला की बाया उथळ पाण्यात जुन्या लुगड्यानं बारकी मासळी धरतात. ती कुणी विकत नाही. ती घरच्या कालवणाची. मी दुपारच्या एसटीनं गेलेला असायचो. आणि जेव्हा कधी माझी गाडी चुकून मी परत ओसरीवर आलो असेन, तेव्हा या माणसांनी माझ्या सोवळ्याची कदर करून पातेलं झाकून मागल्या दारी ठेवलेलं असायचं. "मंगळवारी तर आमी चुलीवर काय चढवतच नव्हतो तुमी जाईस्तोवर," मावशी म्हणाल्या. "मास्तर मानूस, उगं तकलीफ कामून द्यावी?"

मी ओसरीवर बसून राहिलो. खूप लाज वाटली. निर्मळ मोजदादीचा माझा तो सगळा तोरा आठवला आणि कान गरम झाले. पण त्या लाजेच्याही खाली दुसरंच काहीतरी उसळून येत होतं आणि ते मला थोड्या वेळानं कळलं: मासे होते. मी ज्यांचं जाणं लिहून मोकळा झालो होतो ते इतकी वर्षं माझ्यापासून वीस पावलांवर होते. चुकल्याचा इतका आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मी हसायला लागलो. मावशींनी सुनेला आत हाक मारली, "अगं, सरांना पाणी दे आधी."

उरलेल्या तीन आठवड्यांत आम्ही प्रबंध पुन्हा लिहिला. तिनं नमुने मांडले, मी ओळख तपासली. मावशी रोज दुपारी लुगडं घेऊन पाण्यात उतरायच्या आणि सून काठावर वही घेऊन उभी राहायची. माझ्या पेपरला खोडणारं प्रकरण मी तिला तीनदा लिहायला लावलं, कारण ती दर वेळी मला वाचवायला बघायची. 'पूर्वीच्या अभ्यासात नोंद होऊ शकली नाही' असं लिहून आणायची. मी लाल शाईनं खोडायचो आणि 'पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा आहे' असं लिहायचो. मुदतीच्या आदल्या दिवशी ती नांदेडला जाऊन प्रबंध देऊन आली.

तोंडी परीक्षा गेल्या वर्षी झाली, तोवर मी निवृत्त झालो होतो. आम्ही तिघं अहमदपूरहून लोह्यामार्गे एसटीनं नांदेडला गेलो. मावशी नवं लुगडं नेसल्या होत्या. सून खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटत पाठ करत होती. उतरताना मी तिला सांगितलं, "त्यांनी माझ्या पेपरचं विचारलं तर आडवळणानं बोलायचं नाही. तू दबलीस असं वाटलं तर ते तुझे नमुने खरे धरणार नाहीत. सर चुकले असं सरळ म्हणायचं." तिनं मान हलवली, पण तिचा चेहरा बघून मला खात्री वाटेना. आपल्याकडे गाईडसमोर खुर्चीत टेकून बसायलाही मुलं घाबरतात.

सभागृहात पन्नासेक माणसं होती. विभागातले लोक, माझे जुने सहकारी, माझे काही विद्यार्थी. मावशी शेवटच्या रांगेत. सुनेनं सादरीकरण नीट केलं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, शांत आवाजाचे. त्यांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला आणि नेमकं तेच विचारलं: "तुमच्या मार्गदर्शकांचा पेपर आम्ही सगळ्यांनी वाचलाय. त्यांच्या मते या जाती त्या तलावात उरल्या नाहीत. तुम्ही म्हणता, आहेत. मग आम्ही काय समजायचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आता ही पुन्हा ते 'नोंद होऊ शकली नाही' म्हणणार, असं मला वाटलं.

"सर चुकले," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कुणीतरी घसा खाकरला. मग ती पुढे म्हणाली, "पण आमच्यामुळं चुकले. आम्ही त्यांच्यापासून पातेलं लपवून ठेवलं. दाखवायला पाहिजे होतं, दाखवलं न्हाई."

परीक्षक काही बोलणार, एवढ्यात मागून मावशी उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी मध्ये बोलायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

"खोटं बोलू नको गं," त्या सुनेला म्हणाल्या. मग परीक्षकांकडे वळल्या. "सायेब, लपवलं बिपवलं काय न्हाई, वास नको म्हनून झाकलं. इकलं काय ते सरांनी दर येळी इचारलं. घरात खाता काय, हे कधी इचारलंच न्हाई."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. परीक्षकांचं पेन हवेतच थांबलं होतं. मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "मावशींचं बरोबर आहे. तसंच लिहून घ्या."