तात्या एका जागी बसले तो आठवडा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. अण्णाला नाही, अप्पांना तर नाहीच, आणि जिला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं त्या वहिनीलाही नाही. तुम्ही घरचे नाही, म्हणून सांगणं सोपं जातंय का? असेल. पण एकदम मुद्द्यावर येणं मला जमायचं नाही. गोष्टीची सुरुवात मजेची आहे — तिथूनच येते.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची दोन-तीन वर्षं. धारवाडात मळमड्डीला आमचं घर. थोरला भाऊ अण्णा नुकता वकिली करू लागला होता, मी कॉलेजात होते. अण्णानं कुठून तरी एक खोक्यासारखा कॅमेरा पैदा केला आणि त्याच्या जोडीला एक खेळ काढला. दर आठवड्याला ज्यानं त्यानं आपला विषय आपणच ठरवायचा, रविवारी सकाळी सोप्यावर सगळ्यांसमक्ष सांगायचा, आणि पुढच्या रविवारी त्या विषयाचा फोटो आणून ठेवायचा. फिल्म धुण्याचं काम अण्णाचं — न्हाणीघरात, लाल काचेच्या कंदिलाच्या उजेडात. पंच म्हणजे आमचे वडील, अप्पा. मोठे कडक मास्तर होते ते, आता निवृत्त. सगळे फोटो सतरंजीवर मांडले की काठी टेकत एक फेरी मारायचे आणि जो आवडेल त्याच्यावर डब्यातली एक सुपारी ठेवायचे. झाला निकाल.

शेजारचे हणमंतराव स्वतःचा कॅमेरा घेऊन खेळायला यायचे. त्यांच्या घरी एक म्हैस होती. त्यांनी ‘कष्ट’ हा विषय घेतला — म्हशीचा फोटो आला. ‘शांती’ घेतला — म्हैस. ‘काळोख’ घेतला तेव्हा तर म्हैस इतक्या जवळून आली की ती म्हैस आहे हे त्यांनाच सांगावं लागलं. एकदा आम्ही फार चिडवलं, तर पुढच्या रविवारी दारातूनच ओरडत आले, “नोड्री, ई वार एम्मी इल्ला!” — बघा, या आठवड्याला म्हैस नाही! फोटो केलगेरीच्या तळ्याचा होता. खरंच सुंदर. अप्पांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि पाण्यातल्या एका ठिपक्यावर काठीचं टोक ठेवलं. शिंगं होती.

अण्णानं ‘न्याय’ म्हणून कोर्टाबाहेर झोपलेला पट्टेवाला टिपला होता. मी ‘घाई’, ‘उन्हाळा’, ‘भांडण’ असे विषय घ्यायचे, आणि सुपारी बहुतेक वेळा माझीच. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू?

मग अण्णाचं लग्न झालं आणि मालतीवहिनी मिरजेहून आली.

तिला कानडी येत नव्हतं, गावात कोणी ओळखीचं नव्हतं. अण्णानं तिच्या हातात कॅमेरा दिला तो जरा करमणूक व्हावी म्हणून. पहिल्या रविवारी विषय विचारला तर म्हणाली, “ऐकणं.” आम्ही हसलो. ऐकण्याचा फोटो कसा काढणार? पुढच्या रविवारी तिनं सतरंजीवर ठेवला तो अप्पांचा फोटो होता. मागून काढलेला. अप्पांना एका कानानं कमी ऐकू यायचं. ते तळवा कानामागे धरून पुढे झुकले होते. चेहरा दिसतच नव्हता, तरी तो माणूस जिवाचा कान करून ऐकतोय हे कळत होतं. तो तळवा मी जन्मभर बघत आले होते. मला कसा नाही सुचला?

अप्पा खूप हसले. सुपारी ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सुशी, हिची नजर बघ. शिकून येत नाही हे.”

तेवढंच. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्यानंतर सुपारी वहिनीकडे जाऊ लागली, अप्पा फोटो बघायला तिला शेजारी बसवून घेऊ लागले, आणि मी — वरून हसत राहिले. वहिनी मला आवडायची, हेही तितकंच खरं. ‘वन्सं, वन्सं’ करत माझ्या मागे असायची, माझ्याकडून कानडी शिकायची, चुकली की माझ्याआधी स्वतःच हसायची. असं माणूस आवडत असताना त्याचं वाईट चिंतता येतं? येतं. मी चिंतलं.

त्या हिवाळ्यात तिचे वडील तात्या आठवडाभर राहायला आले. रेल्वेत गार्ड होते. गप्पिष्ट, हसरा, आणि एका जागी दोन क्षण न बसणारा माणूस. बोलताना उठायचे, उठले की हातवारे करायचे. त्यामुळे त्यांचा धड असा एकही फोटो कुठेच नव्हता. कॅमेऱ्याचा खटका पडायच्या आत ते हललेले असायचे. वहिनीनं रविवारी विषय सांगितला, “एका जागी बसलेले बाबा.” सगळा सोपा हसला. तात्या सगळ्यांत जास्त हसले — उभं राहून.

नंतर ती माझ्याकडे आली. “वन्सं, या आठवड्याची फिल्म सगळी मला द्याल?”

“घे की,” मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं होतं.

तिनं ते कसं साधलं माहीत आहे? घरातलं मांजर झोपेला आलं की अलगद उचलून तात्यांच्या मांडीवर ठेवायची. मांजराची झोप मोडेल म्हणून तो माणूस श्वाससुद्धा जपून घ्यायचा. उन्हात, अंगणात, खुर्चीवर, एक हात मांजराच्या पाठीवर, तोंडावर कौतुक आणि भीती. मी खिडकीतून बघत होते. बघता क्षणीच कळलं मला — असा फोटो माझ्या हातून कधीच निघणार नाही.

शनिवारी दुपारी अण्णा आणि वहिनी तात्यांना गाडीत बसवून द्यायला हुबळीला गेले; गाडी तिथून सुटायची, जागा मिळायची. अप्पा झोपले होते. कॅमेरा माजघरातल्या फळीवर होता. एक फोटो शिल्लक होता, म्हणून फिल्म अजून आतच होती.

मी कॅमेरा मागच्या अंगणात नेला आणि झाकण उघडलं.

इथवर सांगून थांबता आलं असतं. झाकण उघडलं, उजेड आत गेला, फिल्म खराब झाली — चुकून झालं असंही वाटलं असतं तुम्हाला. पण नुसत्या झाकणानं एखाददुसराच फोटो जातो. गुंडाळीच्या आतले वाचतात. हे मला ठाऊक होतं. म्हणून मी गुंडाळी बाहेर काढली आणि उन्हात धरून ती पूर्ण उलगडली. मग नीट घट्ट गुंडाळली, जागच्या जागी बसवली, झाकण लावलं, कॅमेरा फळीवर ठेवला. आणि चहाचं आधण ठेवलं, कारण ती दोघं दमून येणार होती.

संध्याकाळी अण्णानं फिल्म धुतली. न्हाणीघरातून बाहेर आला तो ओली पट्टी हातात धरून. पट्टी टोकापासून टोकापर्यंत काळी. वहिनीनं ती दिव्यासमोर धरली, उलटी केली, पुन्हा धरली. “झाकण... मी झाकण नीट लावलं नव्हतं का?” ती कोणालाच असं नाही, नुसतंच विचारत होती.

उत्तर मी दिलं. “मला परवा जरा सैल वाटलं होतं, वहिनी. म्हटलं, तू बघशीलच.”

वर तिच्या पाठीवरून हातही फिरवला.

रविवारी खेळ झालाच. त्या दिवशी सुपारी पहिल्यांदाच हणमंतरावांच्या म्हशीवर पडली. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, एक म्हशीलासुद्धा दिला. वहिनी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मी दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर तिनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. रुसवा नाही, रड नाही. “मी वेंधळी, झाकणं विसरते,” म्हणायची आणि आम्हाला विषय सुचवायची. तेही आमच्यापेक्षा चांगले. सुपारी पुन्हा माझ्याकडे येऊ लागली. मी ती घेत राहिले. पुढे लढाई आली, फिल्म मिळेनाशी झाली, खेळ थांबला. तात्या त्याच्या आधीच, पुढच्याच वर्षी, मिरजेला वारले. वहिनीला त्यांचं शेवटचं दर्शनही झालं नाही.

वहिनीची मुलगी कुसुम आता आठ वर्षांची आहे. मी मुलींच्या शाळेत शिकवते, याच घरात राहते. घर अजून हसतं आमचं, वहिनीमुळे जास्त. गेल्या आठवड्यात कुसुमनं ट्रंकेतून लग्नातला मोठा फोटो काढला आणि एका माणसावर बोट ठेवलं. धोतर, कोट स्पष्ट. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा फराटा.

“आई, यांना तोंड का नाही?”

“ते तुझे आजोबा,” वहिनी हसत म्हणाली. “हलले.”

“मग कसे दिसायचे?”

वहिनी सांगू लागली. नाक असं, मिशी अशी. मध्येच अडली. “थांब हं... मिशी बारीक होती की...” तिनं माझ्याकडे बघितलं. “वन्सं, तुम्हाला आठवतं? मला आताशा नीट आठवत नाही बघा. एकदा चांगला काढला होता मी, पण माझ्याच हातून गेला.”

“जाड होती,” मी म्हटलं. “टोकं खाली वळलेली.”

“हां,” वहिनी म्हणाली, “तशीच,” आणि कुसुमला ती मिशी बोटानं हवेत काढून दाखवू लागली. दोघी खूप हसल्या. मीही हसले.